रंजक उडाली, गोळी सुटली नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गजवळ राहता, शेजाऱ्याकडून ०.५० कॅलिबरची चकमकीची लांब बंदूक घेतलीत, हंटर एज्युकेशनचा कोर्स केलात आणि गेल्या नाताळनंतरच्या हंगामात चार दिवस एकटे डोंगरात फिरलात. तीन दिवस फक्त पळणाऱ्या पांढऱ्या शेपट्या दिसल्या. चौथ्या दिवशी हरणाची एक मादी साठ यार्डांवर आडवी उभी राहिली. चाप ओढला, पॅनमध्ये, म्हणजे रंजक (पेटवायची बारीक दारू) ठेवायच्या ताटलीत, भडका उडाला आणि बंदूक गप्प. आता विचारताय की चूक बंदुकीची की तुमची, आणि असल्या बंदुकीने पायी हरणाची शिकार खरोखर जमते का.

जमते. मी वीसेक हिवाळे हेच करतोय, बहुतेक वेळा रॉथ्रॉक स्टेट फॉरेस्टच्या डोंगरांत. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला बऱ्याच अंशी एकच दिसतं: तुम्ही फार भरभर चाललात. शेपट्या दिसल्या त्याही त्यामुळेच, आणि बंदुकीत ओल शिरली असेल तर ते कळलं नाही तेही बहुधा त्यामुळेच.

आधी शब्दांचं सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. मी सावंतवाडीकडचा. आमच्या वाडीत शेतीरक्षणाच्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक होती. ती केपाची (घोडा केपावर आपटून पेटणारी) होती, चकमकीची नव्हती, पण ती ज्यांची होती त्या आजोबांकडून मी हे शब्द उचलले: ठासायचा तो गज, चकमक धरतो तो घोडा, बाहेर पेरायची बारीक दारू ती रंजक, आणि रंजकीची आग नळीत शिरते ते भोक म्हणजे कान. तोफांच्या कानात खिळे ठोकल्याचं आपण सगळ्यांनीच इतिहासात वाचलंय, तोच हा कान. इथे पेनसिल्व्हेनियात दुकानदाराशी बोलताना मी पॅन, फ्रिझन (चकमक जिच्यावर घासते ती पॅनवरची पोलादी पट्टी) म्हणतो, पण मनात रंजक आणि कानच असतात. आणि एक स्पष्ट करतो: आपल्याकडे हरणावर बंदूक उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. हे उत्तर पेनसिल्व्हेनियापुरतं आहे. इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीची हरणं जवळपास संपली होती. दुसऱ्या राज्यांतून आणून सोडली, संरक्षण दिलं, आणि आज ती कितीतरी ठिकाणी ओकची रोपंच वाढू देत नाहीत, इतकी झाली आहेत.

आता तुमचा तो भडका.

चकमकीच्या बंदुकीत गारगोटी फ्रिझनच्या पोलादावर घासते, पोलादाचे बारीक कण खरवडले जाऊन पेटतात, ते पॅनमधल्या रंजकीत पडतात, रंजक पेटते आणि तिची आग कानातून आतल्या दारूपर्यंत पोचते. तुमची रंजक पेटली, म्हणजे चकमक आणि फ्रिझन ठीक आहेत. अडलं ते कानात किंवा कानाच्या आत. माझा पहिला संशय तेलावर आहे. उन्हाळाभर ठेवताना नळीला तेल लावलं असेल, बंदूक तोंड वर करून कोपऱ्यात उभी असेल, तर ते सगळं तेल ओघळून तळाशी जमतं. त्यावरच दारू ओतलीत तर तळातला पहिला चिमूटभर थर तेल पिऊन बसतो, आणि नेमका तोच थर पेटायला हवा असतो. भरण्याआधी कोरड्या चिंध्या तळापर्यंत घाला, शेवटची चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग रिकाम्या नळीवर एकदा नुसती रंजक उडवा. गजाला गुंडाळलेली चिंधी तळाशी ठेवून रंजक उडवली, तर चिंधीवर छोटा जळका डाग पडतो. डाग पडला की कान मोकळा आहे हे डोळ्यांनी दिसतं. मी हंगामाच्या पहिल्या सकाळी हे न चुकता करतो.

दुसरा संशय दमटपणावर. काळी दारू जळली की जी काजळी उरते, ती हवेतलं पाणी ओढते. आदल्या बाराची काजळी पॅनमध्ये असेल आणि हवा ओलसर असेल, तर अर्ध्या तासात तिचा काळा चिखल होतो आणि त्यात नवी रंजक भिजते. पॅन आणि फ्रिझनचा खालचा पृष्ठभाग दर वेळी कोरड्या फडक्याने पुसा, कानात बारीक तार किंवा पिसाचा देठ घाला. रंजक पॅनच्या अर्ध्याहून कमी भरा आणि कानाचं भोक तिने बुजवू नका. भोक भरलेलं असलं की आग झपकन आत उडी घेत नाही, वातीसारखी सरकत जाते, आणि तेवढ्या वेळात तुमची नळी हललेली असते.

खरी काळी दारूच वापरा. बाजारात मिळणाऱ्या बदली दारू पेटायला जास्त उष्णता मागतात. केपाच्या बंदुकीत त्या चालतात, चकमकीत दगा देतात. शेजाऱ्याने बंदुकीबरोबर एखादा जुना डबा दिला असेल, तर आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. माझ्या ०.५० ला मी ७० ग्रेन घालतो, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. गोळी शुद्ध शिशाची, ०.४९० इंच व्यासाची, सुमारे १७७ ग्रेन वजनाची, गादीच्या खोळीच्या जाड सुती कापडाच्या चिंधीत बसवलेली, चिंधीला चरबी आणि मेण. तुमच्या बंदुकीची मर्यादा तिच्या कारखान्याच्या पुस्तिकेत बघा, माझा आकडा उचलू नका. दारू ठेवायच्या शिंगातून ती सरळ नळीत कधीही ओतू नका, मापातून ओता. नळीत एखादी ठिणगी शिल्लक असेल तर हातातलं माप जळेल, अख्खं शिंग नाही. आणि गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फुटू शकते. गजावर दोन खुणा करून ठेवा, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. कोणी मध्येच बोलायला आलं आणि दारू घातली की नाही हे आठवेना, तर त्या खुणा सांगतात.

भडका उडून गोळी सुटली नाही तेव्हा तुम्ही काय केलंत, हे पत्रात नाही. नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं असतं. आत ठिणगी धुमसत असली तर बार उशिरा होतो. मी हे एकदाच पाहिलंय, दुसऱ्याच्या हातात, आणि नळी खाली जमिनीकडे होती म्हणून आज शांतपणे लिहितोय.

एवढं बंदुकीचं. आता चालणं, ज्याबद्दल मला खरं तर जास्त सांगायचंय.

तुम्ही लिहिता की एका सकाळी तुम्ही सहा किलोमीटर फिरलात. मी अख्ख्या सकाळीत सहाशे मीटर जातो, कधी त्याहून कमी. दोन-तीन पावलं टाकायची आणि थांबायचं. थांबणं म्हणजे दम घेणं असं समजू नका. चालण्यापेक्षा उभं राहण्यात चार-पाचपट वेळ गेला पाहिजे. थांबायचं ते झाडाला लागून, म्हणजे तुमची आकृती खोडात मिसळते आणि अचानक बार करायची वेळ आली तर टेकायला आधार असतो. मोकळ्यावर थांबलात आणि हरीण दिसलं तर तिथून झाडापर्यंतची ती दोन पावलंच तुम्हाला नडतात.

माणसाच्या पावलांना ताल असतो. सरसर, सरसर, एकसारखा. जंगलात दुसरं काहीच तसं चालत नाही. खार धावते, थांबते, पुन्हा धावते. हरीण तीन पावलं टाकतं, मान वर करतं, एक पाऊल टाकतं. तुमचा ताल मोडला की पानांचा आवाज झाला तरी तो माणसाचा वाटत नाही. वाळकं पान मोडलं तर जागच्या जागी गोठून राहा आणि दोन-तीन मिनिटं हलू नका. बुटाचा तळ पातळ असू दे. पाय आधी बाहेरच्या कडेने टेकवा, खाली काटकी आहे का ते तळव्याला कळू द्या, मग भार टाका. कपडे लोकरीचे. नायलॉनच्या जाकिटावर लॉरेलची (इथल्या डोंगरांतलं दाट झुडूप) फांदी घासली की जो आवाज होतो, तो ऐंशी यार्डांवरच्या हरणाला पुरतो.

आणि बघायचं काय? अख्खं हरीण शोधू नका. जंगलात जवळजवळ सगळ्या रेषा उभ्या असतात, त्यामुळे एखादी आडवी रेषा दिसली, गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली, तर तिथे नजर थांबवा. ती पाठ असू शकते. कानाची हालचाल, नाकाचा काळा ठिपका, लॉरेलच्या खालून दिसणारे दोन पाय. दर थांब्यावर एकदा खाली बसून बघा. लॉरेलच्या झुडपांना वर पानं दाट असतात पण गुडघ्याच्या पातळीवर बरंच मोकळं असतं.

वारा तोंडावर किंवा आडवा. इथल्या डोंगररांगा ईशान्येकडून नैऋत्येकडे जातात आणि हिवाळ्यातला वारा बहुतेक वायव्येचा किंवा पश्चिमेचा, त्यामुळे रांगेच्या कडेकडेने चालताना तो बऱ्याचदा आडवा मिळतो. पण शांत, थंड सकाळी वाऱ्याचं गणित वेगळं. थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर जायला लागते. म्हणून सकाळी मी उताराच्या वरच्या अंगाला नसतो. दहा-अकरानंतर वरच्या पायरीवर चढतो आणि खाली बघत चालतो. हरणं कडाक्याच्या थंडीत दक्षिणेकडच्या उन्हाच्या उतारावर, मध्येच सपाट झालेल्या पट्ट्यांवर बसतात. वारा आणि बर्फ सुटला की खोलगटीतल्या हेमलॉकच्या (सूचिपर्णी झाडांच्या) दाटीत जातात. नोव्हेंबरचा माज संपलेला असतो, नर थकलेले असतात, आणि सगळ्यांना फक्त खाणं आणि ऊब हवी असते. ओकची फळं जिथे बर्फाखालून उकरलेली दिसतील तिथून जवळच्या दाटीपर्यंतची वाट ही तुमची सकाळ.

इथे एक अडचण येते, जी आधुनिक बंदूकवाल्याला कधी सोसावी लागत नाही. चालायला सगळ्यात चांगली हवा म्हणजे नुकताच पडलेला मऊ बर्फ, किंवा झाडांवरून ठिबकणारं धुकं, जेव्हा पानं ओली आणि मुकी असतात. चकमकीला ती सगळ्यात वाईट. कोरड्या, कडक थंडीत रंजक दिवसभर टिकते, पण पावलांखाली सगळं जंगल पापडासारखं वाजतं. मी ओल्या हवेची बाजू घेतो आणि बंदुकीची काळजी वाढवतो. फ्रिझन आणि घोडा झाकणारं चरबी मुरवलेल्या चामड्याचं झाकण, ओढलं की एका झटक्यात निघेल असं बांधलेलं. पॅनच्या कडेला मेणाची बारीक रेघ. लॉक (घोडा आणि फ्रिझन बसवलेला भाग) काखेखाली, नळीचं तोंड खाली, पण जमिनीत किंवा बर्फात रुतणार नाही एवढं वर. आणि दर तिसऱ्या-चौथ्या थांब्यावर झाकण उचलून रंजक बघायची. दाणे सुटे आणि चमकदार असतील तर ठीक. गुठळी दिसली, कडेला करडा रंग आला, तर पुसून नवी. पंधरा सेकंदांचं काम आहे. तुमच्या सहा किलोमीटरांच्या चालीत या पंधरा सेकंदांना जागाच नव्हती. माझ्या चालीत ते आपोआप बसतात.

चार हिवाळ्यांपूर्वीची एक सकाळ सांगतो. रात्री ओला बर्फ पडला होता आणि हेमलॉकवरून त्याचे गोळे धप्प धप्प पडत होते, म्हणजे माझ्या पावलांना आवरण होतं. साडेसातला गाडीपासून निघालो होतो, सव्वादहाला जेमतेम तीनशे मीटर गेलो असेन. एका चेस्टनट ओकला टेकून रंजक बदलत होतो. शिंगाचं बूच दातात, फडकं बोटांत, आणि समोरच्या पडलेल्या खोडावरचा बर्फ हलला. बर्फ नव्हता, कान होता. मादी खोडामागे बसलेली, पस्तीस यार्डांवर, आणि तिने मला पाहिलेलं नव्हतं. मी बूच खिशात टाकलं, पॅन बंद केलं, आणि उभा राहिलो. अकरा मिनिटं. ती उठली, मागचा पाय ताणला, जसा गोठ्यातली गाय उठल्यावर ताणते तसा, आणि दोन पावलं पुढे येऊन आडवी झाली. घोडा मागे घेताना मी चाप दाबून धरला होता आणि घोडा पुरा मागे आल्यावर सोडला, म्हणजे खटका वाजत नाही. भडका, बार, आणि पांढरा धूर. ओल्या हवेत तो धूर हलतच नाही. काही दिसेना. मी आधी बंदूक पुन्हा भरली. ती पन्नास यार्डांवर पडलेली होती, पण ते मला अर्ध्या तासानंतर कळलं, कारण तोवर मी जागचा हललो नाही.

तो अर्धा तास मी महागात शिकलोय. माझ्या दुसऱ्याच हंगामात मी धुरातून धावत सुटलो होतो. गोळी मागे, पोटात लागली होती. शांत सोडलं असतं तर ते हरीण शंभर-दीडशे यार्डांवर बसलं असतं. मी मागे लागल्यामुळे ते ओढा ओलांडून गेलं आणि रात्री बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधलं. मिळालं नाही. ते मला अजून टोचतं.

म्हणून अंतराबद्दल. साठ यार्ड तुम्हाला जमतात का, हे तुम्हीच शोधायचं, आणि टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून नाही. सहा इंची कागदी ताटली लावा, जाड कोट घाला, झाडाला टेकून उभ्याने, थंड स्वच्छ नळीने मारा. पाचपैकी पाच ज्या अंतरावर ताटलीत बसतात, ते तुमचं अंतर. माझं पन्नास यार्ड आहे आणि त्यापलीकडे मी घोडा मागे घेत नाही. गोल गोळीचा वेग फार लवकर पडतो आणि ती बऱ्याचदा आरपार जात नाही, त्यामुळे रक्ताचा माग तुटक असतो. आडवं हरीण, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या थोडं वर, दोन्ही फुप्फुसं. तिरकं उभं असेल, पुढून बघत असेल, चालत असेल, तर थांबा. भडका डोळ्यांसमोर उडतो, त्यामुळे पापणी मिटते आणि नळी खाली येते. नळीच्या टोकावरची माशी भडक्यानंतरही हरणावर धरून ठेवायची सवय लावा. चकमकीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवून घरात रोज दहा वेळा चाप ओढा. बंदूक रिकामी आहे हे गजाने तपासून. दोन महिन्यांत फरक पडतो.

बार झाल्यावर आधी भरा, मग हरीण उभं होतं ती जागा डोळ्यांनी एखाद्या झाडाशी जोडून ठेवा, कारण धूर निवळल्यावर सगळी झाडं सारखी दिसतात. तिथे केस, रक्त शोधा. फिकट, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. हिरवट, वास येणारं म्हणजे पोट, मग सहा तास तरी सोडा. बर्फ नसेल तर लॉरेलच्या पानांची खालची बाजूही बघा. अंगाला घासून पान उलटतं आणि रक्त खाली लागतं.

नियमांचं पटकन. नाताळनंतरचा हा हंगाम १९७४ साली सुरू झाला आणि तो चकमकीसाठीच आहे: बंदूक एकनळी, ०.४४ कॅलिबर किंवा मोठी, दुर्बीण चालत नाही. ऑक्टोबरच्या हंगामात नव्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुका चालतात, त्यात गल्लत करू नका. तारखा आणि टॅगचे नियम बदलतात, दरवर्षी गेम कमिशनची (शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्य संस्थेची) पुस्तिका बघा. तुम्ही एच-वन व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्याचे फेडरल नियम वेगळे आहेत, ते वकिलाला विचारा. या हंगामात नारिंगी टोपी मी कायम घालतो. हरणांना तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही आणि बाजूच्या डोंगरावर कोणाचा तरी हाका चालू असू शकतो. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून हरणांतला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांना झिजवून मारणारा रोग) आढळतो. ज्या भागांत तो आहे तिथून डोकं आणि कणा बाहेर नेता येत नाही, आणि तिथलं मांस मी तपासणीचा निकाल येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवतो.

मांसावरचा चंदेरी पडदा आणि चरबी सगळी काढा. वास असतो तो त्या चरबीला. मागच्या पायाचं मांस आमच्याकडे तांबड्या रश्श्यात जातं, फक्त मटणापेक्षा कमी शिजवायचं, कारण मांसाच्या आत चरबी नसते.

आणि त्याच रात्री, कितीही दमला असाल तरी, बंदूक धुवायची. न मारलेली गोळी नळीत ठेवून गरम घरात आणू नका, थंड लोखंडाला घाम सुटतो आणि दारू भिजते. मी दिवसाअखेरीस ती कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याने कानातून ढकलून काढतो, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून. बार झाला असेल तर लॉक काढा, कानात काडी घाला आणि गरम पाणी ओता, चिंध्या स्वच्छ येईपर्यंत. काजळी पाण्यातच विरघळते. कोरडं करा, हलकं तेल द्या, आणि बंदूक तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल कानाकडे जमणार नाही. ऑक्टोबरमध्ये एखाद्या शनिवारी रेंजवर ताटल्या आणि कोट घेऊन या, कुठे यायचं ते तुम्हाला वेगळं कळवतो. तुमची बंदूकही घेऊन या. तो कान मला स्वतः बघायचाय.